साडेचारची भरती

मी दुबईला निघालो त्या दिवशी भोईवाडीतली एकूण एक बाई एसटी स्टँडवर आली होती. वाडीतला पहिला बी.एस्सी., पहिला पासपोर्ट, पहिलं विमान. कुणी नारळ आणला, कुणी कुळथाचं पीठ, कुणी सोलं. विमानात किती किलो नेता येतात हे त्यांना सांगायची सोय नव्हती. शेवंताकाकूने स्टँडच्या मधोमध माझी दृष्ट काढली आणि तोवर कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून थांबून राहिला. आबा, म्हणजे माझे वडील, जरा लांब उभे होते. ते एवढंच म्हणाले, "पोचलास की कळव." मी त्यांच्या पाया पडलो, पण वर बघितलं नाही. सगळ्यांना वाटलं, पोरगं हळवं झालंय. हळवं कसलं? कधी एकदा गाडी सुटते असं मला झालं होतं.

वाडीतल्या सगळ्यांनो, आणि वाडीतून इकडे आखातात आलेल्यांनो, चौदा वर्षांनी हे लिहितोय. येत्या गुरुवारी आपल्या नदीची सुनावणी आहे. तिथे मी इथूनच, व्हिडिओवर, जे बोलणार आहे ते तुम्हाला आधी माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे लिहिणं. मुद्द्यावर यायला मी वेळ लावीन. लाज वाटते तिथे माणूस लांबण लावतो.

तुम्हाला नदी काय सांगायची! पण इकडे जन्मलेली आपली पोरंही कधी हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. आपली नदी म्हणजे अर्धी नदी, अर्धी खाडी. भरतीला समुद्राचं पाणी वाडीपर्यंत चढायचं आणि ओहोटीला नदी उघडी पडायची. भरतीची वेळ काढायला आबांना छापील कोष्टक लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता खाडीच्या तोंडाशी पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. तिथून वाडीपर्यंत पाणी चढायला आणखी दीड तास. हा हिशेब मी पाढ्यांच्या आधी शिकलो. बोय, शेंगटी, कुर्ल्या, आमच्या ताटात जे काही यायचं ते सगळं या हिशेबाने यायचं.

मग वरच्या अंगाला कारखाने आले आणि त्यांतल्या एकात मी केमिस्ट म्हणून लागलो. वाडी म्हणाली, चला, आता आपला माणूस आत आहे. एका वर्षी पावसाळा सरता सरता मासे मेले. नदीभर पांढरी पोटं वर आली आणि त्यांचा वास आठवडाभर भाताला येत होता. वाडीने तक्रार केली. पाण्याचा नमुना घ्यायला प्रदूषण मंडळाचे साहेब येणार असं ठरलं, तारीखही ठरली. तेव्हा मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. केबिनमधला माझा तो पहिला चहा. "तुम्ही तर नदीवरचेच," तो म्हणाला, "साहेबांना किती वाजता नेलेलं बरं?" त्याने मला धमकावलं नाही, आमिषही दाखवलं नाही. नुसतं विचारलं. त्या तारखेला चतुर्थी येत होती. मी मनातल्या मनात पाऊणपट केली, दीड मिळवला आणि म्हणालो, "साडेचार."

कारखान्याने दोन दिवस सांडपाणी टाकीत अडवून धरलं, ते त्यांचं काम. भरतीची वेळ माझी. भर भरतीला कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी समुद्राचं पाणी भरलेलं असतं, तिथे विष शोधून सापडत नाही, हे मॅनेजरला कुठून कळणार? ते भोयाच्या पोरालाच कळणार.

साहेबांना नाल्यापर्यंत न्यायला होडी कुणाची, तर आबांची. आबा वल्हवत होते, साहेब डोक्यावर रुमाल टाकून बसले होते आणि त्यांच्याऐवजी मीच वाकून बाटली भरली. तेव्हा आबा हळूच म्हणाले, "सकाळी धाला यायचं हुतं रं. ओहोटीला." मी म्हणालो, "साहेबांना सकाळी जमत नव्हतं." साहेबांना सकाळची वेळ कुणी विचारलीच नव्हती. बाटलीवरच्या चिठ्ठीवर मी सही केली.

अहवाल आला, पाणी मर्यादेत. तक्रार निकाली निघाली. काही महिन्यांनी मॅनेजरच्या पत्रावर मला दुबईच्या एका लॅबमध्ये नोकरी मिळाली. त्या पत्रात माझ्याबद्दल 'स्थानिक परिस्थितीची उत्तम जाण' असं लिहिलेलं होतं. ते मी तुम्हाला कधी वाचून दाखवलं नाही.

इथे आलो तेव्हा अल मनखूलच्या एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. आता डिस्कव्हरी गार्डन्समध्ये फ्लॅट आहे, बाल्कनीत तुळस आहे, बायकोने कुंडीत लावलेला कढीपत्ताही तगलाय. इथलं नळाचं पाणी समुद्राचं मीठ काढून आलेलं असतं, त्याला कसलाच वास नाही. पहिल्या वर्षी त्या पाण्याने आंघोळ करताना मला फार बरं वाटायचं. हे पाणी मला ओळखत नव्हतं. मुलगी इरा नऊ वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. तिने शाळेत सांगून ठेवलंय, "माय डॅड फिक्सेस रिव्हर्स." ती तसं म्हणाली तेव्हा मी तिच्या डब्यात पोळी भरत होतो. मी पोळी भरत राहिलो.

आमची लॅब अल क्वोजला आहे, गोदामांच्या रांगेत. तिथून दहा मिनिटांवर कामगारांच्या कॅम्पात आपला संतोष राहतो. वाडीत त्याच्यासारखं जाळं फेकणारा कुणी नव्हता. इथे तो बिल्डिंगांना परांच्या बांधतो. गावाहून आला की माझ्यासाठी सुकट घेऊन येतो आणि लॅबच्या गेटवर उभा राहून हाक मारतो, "भाऊ!" एकदा मला म्हणाला, "तू शिकलास म्हणून आलास, भाऊ. मी नदी मेली म्हणून आलो. तुझ्यासारखा एक माणूस तेव्हा नमुना घ्यायला होडीत असता ना, तर आज मी इथे नसतो." मी त्याला म्हणालो, "चहा घेऊन जा." होतो रे मी तिथे.

यंदा वाडीने नदीसाठी पुन्हा कंबर कसली. कमिटी झाली, अर्ज गेले. पण प्रत्येक वेळी समोरून एकच कागद पुढे यायचा, तो जुना स्वच्छ अहवाल. तो खोटा ठरल्याशिवाय काही पुढे सरकत नव्हतं. आबांचा दर रविवारी फोन येतो. एका रविवारी ते म्हणाले, "सुनावणीत तुझं नाव दिलंय." संतोष तर हरखूनच गेला होता. "वाडीत सगळे म्हणतायत, आपला दुबईचा तज्ज्ञ बोलणार. इन्शाल्ला, खलास करून टाक त्यांना." मी आबांना सांगितलं, सध्या मीटिंग आहेत, बघतो. त्यावर आबा एवढंच म्हणाले, "बघ."

मीटिंग खरोखरच होत्या. दोन शेजारी देशांमधून वाहणारी एक नदी आहे. करारात गुप्ततेची अट आहे, म्हणून नावं लिहीत नाही. पन्नास वर्षं दोघांनी मिळून ती नासवली आणि आता दोघांनी मिळून ती परत आणायचं ठरवलंय. पण दोघांचा एकमेकांच्या लॅबवर काडीचा विश्वास नाही, म्हणून सरहद्दीवरचे नमुने बर्फाच्या पेट्यांत घालून विमानाने आमच्याकडे येतात. दर महिन्याला आधी ठरवून घेतलेल्या तारखेला वरच्या देशाचा केमिस्ट फरहाद बाटल्या भरतो आणि खालच्या देशाचा माणूस शेजारी उभा राहून बघतो. कागद अगदी चोख. चार महिने पाणी चांगलं येत होतं आणि सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते.

मला मात्र ते पाणी खटकलं. नोंदीत ते नेहमीपेक्षा थंड होतं आणि त्यात क्षार फार कमी होते. ते धरणाच्या तळाचं पाणी होतं. बाटली भरायच्या आदल्या दिवशी कुणीतरी वरच्या धरणाचे दरवाजे उघडत होतं. दुसऱ्या कुणाला हे शोधायला महिना लागला असता. मला एक दुपारही पुरली, कारण चोर चोराचा माग काढत होता.

दुबईतल्या एका हॉटेलात दोन्ही बाजूंची बैठक झाली. मी आकडे दाखवले आणि म्हणालो, यापुढे तारीख आधी कुणालाच कळवू नका. आमच्या लेबनीज बॉसने माझी पाठ थोपटली, "हबीबी, यू आर अ डिटेक्टिव्ह!" सगळे हसले. फरहाद हसला नाही. तो माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. जेवणाच्या वेळी ताट घेऊन तो माझ्यासमोर बसला आणि इंग्रजीत म्हणाला, "कागदावर सगळं बरोबर होतं. तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणालो, "अनुभव."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, त्याच्या वडिलांची खरबुजांची शेती त्याच नदीवर आहे. तारीख तोच धरणावर कळवत होता, घरी हे कुणाला माहीत नाही. जेवण झाल्यावर बैठक पुन्हा सुरू झाली, तेव्हा तो उभा राहिला आणि दोन्ही देशांच्या माणसांसमोर त्याने हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याच्या साहेबांनी टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावलं आणि दुसरीकडे बघितलं. त्याची नोकरी राहते की जाते, मला माहीत नाही. सकाळी पकडला गेलेला माणूस दुपारी बोलला होता. आणि त्याला पकडणारा मी चौदा वर्षं गप्प होतो. तिथे बसून मी गोड खात होतो, ती वाटी बाजूला सारली. इतकी लाज मला होडीतही वाटली नव्हती.

रविवारी आबांच्या फोनची वाट न बघता सकाळी मीच फोन लावला. सगळं सांगितलं. केबिन, चहा, चतुर्थी, साडेचार. चौदा वर्षं जे लपवलं होतं ते सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

मग आबा म्हणाले, "व्हडी मीच वल्हवत हुतो ना? भरती हाय का ओहोटी, मला कळत न्हाई?"

मी म्हणालो, "मग तज्ज्ञ म्हणून माझं नाव कशाला दिलंत, आबा?"

"तज्ज्ञ म्हणून कुणी दिलं? बाटली कुणी भरली, ते इचारलं त्यांनी. मी तुझं नाव सांगितलं."

"इतकी वर्षं तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

"मी सांगून काय हुतंय? तू बोलशील म्हणून थांबलो." मग ते म्हणाले, "आता बोल, म्हंजे झालं."

काल कॅम्पात जाऊन संतोषला सांगितलं. तो पायरीवर बसून मोजे काढत होता. माझं होईपर्यंत एक मोजा त्याच्या हातातच राहिला. मला वाटलं, शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "गुरुवारी मी सुट्टी टाकतो. मला ऐकायचंय." आणि खोलीत जाताना दारातून म्हणाला, "येतो, सुहास." इतक्या वर्षांत त्याने मला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

इथे मला सगळे सर म्हणतात. मी तिकडे काय केलं हे इथे कुणाला ठाऊक नाही आणि कळलं तरी उद्या कुणी त्याची पर्वा करणार नाही. लॅब दुसरा माणूस आणील. मी इतकी वर्षं ज्याला निवांतपणा समजत होतो तो हाच. घर तसं नसतं. घर तेच, जिथे माझं खोटं पहिल्या दिवसापासून एका माणसाला माहीत होतं आणि तरी दर रविवारी तिथून फोन येत राहिला. मी काय केलं यावरून मला काय म्हणायचं, हे ठरवायचा हक्क फक्त तिथल्या माणसांना आहे.

तेव्हा गुरुवारी सगळे या. शेवंताकाकूंनाही आणा. माझं बोलून होईपर्यंत मला कुणी भाऊ म्हणू नका. त्यानंतर काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी हाकेला ओ देईन.