स्थानिक महिला

मॅडमनी माझ्या आईचा हात धरला, उलटा केला, गोंदण सगळ्यांना दाखवलं आणि हात सोडून दिला. मग पर्समधून छोटी बाटली काढली. दोन्ही तळव्यांना सॅनिटायझर चोळलं आणि बाटली माझ्यापुढे केली. "घे. तूही मघाशी त्यांचा हात धरला होतास ना."

मी हात पुढे केला. दोन थेंब पडले. मी ते चोळले. नीट, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

आई समोर उभी होती. तिने पाहिलं. ती माझी आई आहे हे तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना नाही, मॅडमना नाही, कॅमेरावाल्याला नाही. आणि ते कुणाला कळू नये ही तजवीज मीच करून ठेवली होती.

मघाशी ओढा ओलांडताना हात मी धरला नव्हता. तिने माझा धरला होता, लहानपणापासून धरते तसा.

मी पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते. ऑफिस मंचरला. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या देवराया फिरायच्या, तिथली झाडं नोंदवायची, वाडीतल्या जाणत्या माणसांना विचारून रजिस्टर भरायचं. कुठली साल कशाला, कुठला पाला कधी. मॅडम संस्थेच्या प्रमुख. त्या महिन्यातून दोनदा पुण्याहून येतात.

मुलाखतीच्या दिवशी ऑफिसातल्या एकाने विचारलं होतं, "कुठल्या तुमी?" तो अवसरी बुद्रुकचा, घरची बागायत. मी म्हणाले, मंचर. खोली मंचरलाच होती, त्यामुळे अगदी खोटंही नव्हतं. तो म्हणाला, "बरं झालं राव. डोंगरातलं कुणी घेतलं की ते लई लाजतं. चार लोकांत तोंडच उघडत न्हाई." मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. आमची वाडी डिंभे धरणाच्या मागे, गाडीरस्ता संपतो त्याच्याही वर. आम्ही महादेव कोळी. आश्रमशाळेत शिकून मी कॉलेजला गेले, आणि तिथे पहिली गोष्ट शिकले ती ही की 'न्हाई' म्हणायचं नाही.

ऑफिसात माझी हुशारी गाजली. मॅडम म्हणायच्या, "हिला झाडांची केवढी जाण आहे." जाण माझी नव्हती. दर रविवारी मी आईला फोन लावायचे. ती चुलीपुढे बसून सांगायची, मी लिहून घ्यायचे. शेवळाची भाजी काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय शिजवायची नाही, घसा खाजतो. हिरडा कोवळा कधी वेचायचा, कुठल्या झाडाला त्या वर्षी हात लावायचा नाही. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना असतो, माहिती देणाऱ्याचं नाव. त्यात मी लिहायचे, 'स्थानिक महिला'. पानामागून पान, माझ्या सुबक अक्षरात. ऑफिसची पद्धतच तशी होती आणि मला ती सोयीची पडली.

मग मॅडमनी आमचीच देवराई निवडली. पुण्याचे देणगीदार येणार, फिल्म करायची, पुस्तिका काढायची. म्हणाल्या, "तू सारखी कुणा बाईंचं सांगतेस ना, त्यांनाच बोलाव."

मी आदल्या दिवशी फोन केला. "आई, उद्या ऑफिसची माणसं येतायत. मी पण आहे. पण तू मला ओळख दाखवू नको."

चुलीतलं लाकूड तडकलेलं मला ऐकू आलं.

"बरं," ती म्हणाली.

भातकाढणीचे दिवस होते, माणसं खाचरात. तरी मी ड्रायव्हरला रस्ता संपतो तिथेच गाडी थांबवायला सांगितली आणि सगळ्यांना वाडी चुकवून आडवाटेने वर नेलं. आई एकटीच ओढ्याशी उभी होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. मला बघून म्हणाली, "या ताई." इतक्या सफाईने, की क्षणभर मीच दचकले. मग मी तिला म्हणाले, "नमस्कार मावशी."

आमच्या देवराईत शिरायचा एक रिवाज आहे. पहिल्या मोठ्या आंब्याशी वहाणा काढायच्या आणि मोठ्याने सांगायचं: मी कोण, कुणाची, कशाला आले. देवी ऐकते. मग आत जायचं. परका माणूस असला तर त्याला वाडीतल्या माणसाने आपल्या जबाबदारीवर न्यायचं. हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक आहे. ठकूबाईची लेक चिमाबाई, चिमाबाईची लेक मी.

आई आंब्याशी थांबली. पायातल्या वहाणा काढल्या. "आई, म्या चिमाबाई, ठकूबाईची लेक. रान दावाया आलेय." मग ती थांबली. माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. मी सँडलचा पट्टा सोडत खाली वाकून राहिले, पट्टा सुटला तरी वाकूनच राहिले.

"आन् संगं पावणी हायेत," ती म्हणाली. "समदी पावणीच हायेत."

एका पाहुण्याने मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" मी मराठीचं मराठीत भाषांतर केलं.

कॅमेरावाल्याच्या माइकमध्ये वारा शिरला होता. मॅडम म्हणाल्या, "मावशी, पुन्हा एकदा. जरा मोठ्याने. आणि चेहरा इकडे." आईने माझ्याकडे बघितलं. देवीला एकदा सांगितलं की सांगितलं. उगाच हाक मारणं म्हणजे तिची थट्टा. मला हे सांगता आलं असतं. मी म्हणाले, "मावशी, म्हणा ना परत." तिने म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. तिसऱ्या वेळी ठकूबाईच्या नावाशी तिचा आवाज फाटला. मॅडमना तोच आवडला. "हा ठेवू या," त्या म्हणाल्या.

त्यानंतर गोंदण. त्यानंतर ती बाटली.

परतीच्या गाडीत सगळे खूश होते. मी हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. त्यांना दवाखान्याचा वास येत होता. घोडेगाव आलं तरी गेला नाही.

दिवाळीनंतर घरी गेले. आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला पाट दिला, तांब्या भरून दिला, ताटात आधी मला वाढलं. तिच्या घरात पाट पाहुण्याला देतात. मी तिथे कधीच पाटावर जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवराईकडे निघाली. मीही मागोमाग गेले. आंब्याशी तिने वहाणा काढल्या, आपलं नाव सांगितलं आणि माझ्याकडे वळली.

"तू हितंच थांब."

"आई, मी सांगते ना देवीला."

"तिला सांगून काय करती? तिला ठावं हाय तू कुणाची ते. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांग जा आधी."

ती आत गेली. मी चप्पल हातात घेऊन उभी राहिले. झाडांत तिचं लुगडं दिसेनासं झालं तरी उभी होते. बत्तीस वर्षांची बाई, आणि आपल्याच देवराईच्या दारात परकी. दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मंचरला आले आणि त्याच आठवड्यात जुन्नरहून मुनीरभाईंचा फोन आला. आमच्या पुस्तिका त्यांच्या छापखान्यात होतात. म्हणाले, "ताई, प्रूफ पाठवलंय. कव्हरवरच्या आजींचं नाव राहिलंय का? एवढा मोठा फोटो लावलाय आन् खाली नावच न्हाई. लोक विचारतील."

मी प्रूफ उघडलं. आईचा चेहरा, पानभर. खाली लिहिलं होतं, 'देवराईची राखण करणारी एक स्थानिक महिला'. शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं होती. मॅडमचं, कॅमेरावाल्याचं, ड्रायव्हरचंसुद्धा. माझ्या नावापुढे 'वनस्पतीविषयक माहिती'.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या होत्या. सगळे टेबलाभोवती बसले होते. मी उभी राहिले.

"कव्हरवर नाव टाकायचं," मी म्हणाले. "चिमाबाई. ती माझी आई आहे. वनस्पतीविषयक माहिती तिची आहे. माझी एक ओळही नाही."

अवसरीवाला माझ्याकडे बघत राहिला. मग मॅडमचा चेहरा उजळला.

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस? काय सुंदर गोष्ट आहे ही. आई जंगल राखते आणि लेक विज्ञान शिकून परत येते. आपण तुम्हा दोघींचा फोटो घेऊ. तूही लुगडं नेस."

इतके दिवस मी ज्याला भीत होते ते हे नव्हतंच. मला वाटलं होतं, कळलं की मला खाली बसवतील. हे तर मला आईशेजारी उभं करून दोघींचे हात उलटे करून बघणार होते.

"नाही," मी म्हणाले. "फोटो नाही. आणि फिल्ममधली ती हाक काढायची. ती देवीला मारलेली आहे. रजिस्टरमध्येही तिचं नाव हवं."

"रजिस्टरमध्ये नाव न टाकणं ही त्यांच्या गोपनीयतेसाठीची पद्धत आहे," मॅडम म्हणाल्या.

"गोपनीय होतं तर तोंड कशाला छापलं?"

मी कपाटातून रजिस्टर काढलं. त्यांच्यासमोर बसले. 'स्थानिक महिला' वर रेघ मारली, शेजारी लिहिलं, चिमाबाई. पुढचं पान. चिमाबाई. मॅडम म्हणाल्या, "हे संस्थेचं रजिस्टर आहे." मी म्हणाले, "अक्षर माझं आहे. चूकही माझीच." पान उलटलं.

कव्हर अजून अडकलंय. हाकेचं काय झालं मला सांगत नाहीत. नोकरी राहील की जाईल, तेही कळेल. हे सांगितल्याने मी मोठी झाले असं मला वाटत नाही. ते दोन थेंब मी चोळले होते, ते चोळलेले राहणार. आईने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क अजून मिळवलेला नाही.

कारण रजिस्टरं आणखी आहेत. दुसऱ्या वाड्यांची, दुसऱ्या देवरायांची. त्यांतही माझ्याच अक्षरात 'स्थानिक महिला', 'स्थानिक वृद्ध' भरलेत. कुणाचीतरी आई, कुणाचातरी आजा. त्यांनी मला ओट्यावर बसवून कोरा चहा पाजला, रान उलगडून सांगितलं, आणि मी त्यांना पुसून टाकलं. शेवटचं पान दुरुस्त होईपर्यंत मी आमच्या आंब्याशी जाणार नाही.

परवा पहिल्या वाडीत गेले. एका म्हातारीच्या अंगणाबाहेर चप्पल काढली. ती नाचणी पाखडत होती. मान वर करून म्हणाली, "कोन गं?"

"मी वरच्या वाडीची. चिमाबाईची लेक," मी म्हणाले. "मागच्या साली तुमच्याकडून लई लिहून नेलं मी. तुमचं नाव लिवायचं राहिलंय."

तिने सूप बाजूला ठेवलं. मी पेनचं टोपण काढलं.