पाहुण्या पाळकांचं भाषांतर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — तिथे मी त्याच्या आसपास फिरते, आणि अगदी जवळ आलं की घाईनं दुसऱ्या कुणाच्या तरी आजारपणाचं नाव घेते. मला ओळखणाऱ्यांना हे ऐकून हसू येईल, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरचा नाताळचा केक करपला, गायनवृंदात कोण नुसतेच ओठ हलवतं — सगळं माझ्याकडूनच कळतं, आणि अभिनयासकट कळतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते. पन्नाशी ओलांडली, गुडघे गेले, पण नाताळच्या नाटकात बाळ येशूच्या जिवावर उठलेला हेरोद राजा अजून मीच. मिशी लावून सिंहासनावर बसले की पुढच्या सतरंजीवरची दोनचार पोरं हमखास रडतात. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू? फार आवडतं.

पण अलीकडे गोष्ट सांगता सांगता मध्येच थकायला होतं. लोक हसत असतात, आणि मला वाटतं, पुरे आता. बसावं कुठेतरी.

आमच्याकडे नागपुरात दर हिवाळ्यात चर्चमागच्या मैदानात संजीवन सभा भरायच्या. मांडव, सतरंज्या, ढोलक, कीबोर्ड, आणि बाहेरगावचा उपदेशक. उपदेशक इंग्रजी बोलणारा असला की त्याच्या शेजारी दुसरा माइक माझा. तो एक वाक्य बोलणार, मी ते मराठीत सांगणार. तो गरजला की मीही गरजायचं. तो रडला की — हो, तेही जमायचं मला.

त्या वर्षी आले ते पाळक दक्षिणेकडचे होते. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, आवाज रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीतून यावा तसा. माणूस सज्जन होता. पण पहिल्या संध्याकाळी अर्धा मांडव जांभया देत होता, आणि बायका आशीर्वादाच्या आधीच पोरांच्या चपला शोधायला लागल्या. मला ते पाहवेना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना जरा मदत केली. ते म्हणाले, प्रभू नावेत झोपला होता. एवढंच. मी मात्र सरोवर दिलं, वारा दिला, नावेत शिरलेलं पाणी दिलं, आणि ओल्या झग्यातला शिष्य पेत्र प्रभूला हलवून उठवतोय तोही दिला. लोक सावरून बसले. मग हसले. पाळकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि तेही हसले. बिचाऱ्यांना वाटलं, आपण काहीतरी विनोदी बोललो.

तिसऱ्या दिवशी मांडव भरला. कामठीहून लोक आले, कोराडीहून आले. आणि ते कुणाला ऐकायला आले होते हे मला ठाऊक होतं.

कोराडीच्या लोकांत सुनीता होती. तिचं खरं नाव वेगळं आहे. नवरा वीजकेंद्रात ठेकेदाराकडे, कोळशाच्या कामावर. ठेका संपला की घरी. सुनीता कॉलनीतल्या दोन घरी स्वयंपाक करायची. एकुलती एक मुलगी, रिबेका. आम्ही रिबू म्हणायचो. दहावीत होती, आणि आमच्या गायनवृंदात तिच्याइतका स्वच्छ आवाज दुसरा नव्हता. तिला लहानपणापासून फिट यायच्या. धंतोलीतल्या एका डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, दर महिन्याला बसनं येऊन न्यायच्या. गोळ्यांनी झटके बरेचसे थांबले होते, पण पोर वर्गात पेंगायची. अभ्यास लक्षात राहत नाही म्हणून रडायची. आईचा जीव सदा टांगलेला. पोर न्हाणीत गेली तरी ही दाराबाहेर उभी.

त्या संध्याकाळी प्रार्थनेसाठी रांग लागली. पाळक एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायचे, दोन वाक्यांची प्रार्थना करायचे, पुढचा. त्यांच्या दोन वाक्यांची मी सहा करत होते. मांडव तापत चालला होता. बायका रडत होत्या, कीबोर्डवाल्यानं हळूहळू सूर चढवला होता. रिबूची पाळी आली. पाळकांनी प्रार्थना केली, मी भाषांतर केलं — आणि ते असं काही उतरलं की मागचे लोक उठून उभे राहिले. मग पाळकांनी डोळे उघडले. लोकांकडे नाही, सरळ सुनीताकडे पाहिलं, आणि तिला काहीतरी सांगितलं. त्या तीन दिवसांत ते एवढ्या कळकळीनं एकदाच बोलले.

काय म्हणाले ते? म्हणाले — गोळ्या चालू ठेवा. डॉक्टर स्वतः थांबवेपर्यंत एक दिवसही चुकवू नका. औषधही देवाच्याच हातून येतं.

सातवीतल्या मुलीलाही जमलं असतं भाषांतर.

आणि मी? सगळे डोळे माझ्यावर होते. अशा वेळी गोळ्यांचं बोलायचं? लग्नात वधूवर शपथ घेत असताना माइकवर कुणीतरी 'फाटकासमोरची गाडी काढा' म्हणावं, तसं वाटलं मला ते. मी हात वर केला. जरा थांबले — थांबायचं किती, हे मला कळतं. आणि म्हणाले, "आई, घरी जा. तुझ्या लेकराला आता कशाचीच गरज नाही."

मांडव दणाणला. पाळकांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्यांना वाटलं, त्यांचा निरोप पोचला.

ही चूक नव्हती. माइक बिघडलेला नव्हता, मी गोंधळले नव्हते. त्यांचं वाक्य मी ऐकलं, मला ते समजलं, त्याचे मराठी शब्द माझ्या जिभेवर होते. मी ते बाजूला ठेवले आणि माझे बोलले, कारण माझे जास्त चांगले होते. मग घरी जाऊन मी पोटभर जेवले.

इथेच थांबले असते, तर यालाच माझा गुन्हा म्हणता आलं असतं. बरीच वर्षं मी स्वतःशीही इथेच थांबत होते. पण मधे एक रविवार आहे.

काही आठवड्यांनी सुनीता उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिली. तिला चारचौघांत बोलायची सवय नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, अडखळत तिनं सांगितलं — सभेवरून घरी गेली त्याच दिवशी सगळ्या गोळ्या नालीत टाकून दिल्या. त्यानंतर एकही फिट आली नाही. पोर वर्गात पेंगत नाही. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर गीत झालं, दानार्पण झालं, आशीर्वाद झाला. बाहेर चहा झाला. म्हणजे वेळ भरपूर होता, कळतंय ना? अजून काहीच बिघडलेलं नव्हतं. रिबू तिथेच मैत्रिणींबरोबर खिदळत उभी होती. सुनीता माझ्याजवळ आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्या तोंडातून देव बोलला, टीचर."

मी फक्त म्हणायचं होतं, सुनीता, उद्या धंतोलीला जा. पाळक वेगळंच म्हणाले होते, मी खाल्लं ते वाक्य. दोन क्षणांचं काम. फार तर लोकांनी नावं ठेवली असती, पुढच्या वर्षी माइक दुसऱ्याला दिला असता. मी म्हणाले, देवाची स्तुती असो. आणि चहा प्यायले. पोर खरंच बरी झाली असेल तर? — या प्रश्नाच्या आडोशाला मी पुढचे कितीतरी दिवस बसून काढले.

उपवासकाळात, उन्हं तापायला लागली तेव्हा, रिबूला फिट आली आणि ती थांबलीच नाही. कोराडीहून रिक्षा करून आणेपर्यंत थांबली नाही. पोर वाचली. पण उजवा हात आणि उजवा पाय तेव्हापासून तिचे राहिले नाहीत, आणि शब्द एकेक करून येतात. काही येतच नाहीत. तिच्याबरोबरच्या मुलींना आता मुलं झालीत.

दवाखान्यात सगळ्यांच्या आधी मी पोचले. मीच पोचते नेहमी. चहाचा थर्मास घेऊन. डॉक्टर व्हरांड्यात सुनीताला फाडून खात होते — औषध कुणी बंद करायला सांगितलं? तिनं चर्चचं नाव घेतलं नाही, सभेचं नाही. कुणीच नाही म्हणाली, माह्या मनानं बंद केल्या जी. मी तिच्या मागे दोन पावलांवर उभी होते.

नंतर बाकावर बसलो. मी तिला कपात चहा ओतून दिला. तो तिनं हातातच धरला. मग म्हणाली,

"टीचर, त्या साहेबायनं गोळ्यायचं काई म्हटलं होतं का जी? मले तर काईच आठवून नाही राहिलं. तुमी त बाजूलेच होत्या."

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

तिनं मान हलवली. "मंग माहाच विश्वास कमी पडला."

हे तिनं कुणाला दोष देत म्हटलं नाही. हिशेब लागला, अशा आवाजात म्हटलं. आणि मी तो तसाच लागू दिला.

मंडळीत कुजबुज झालीच. लोकांनी दोष पाहुण्या पाळकांवर ठेवला — असे लोक येतात, भोळ्याभाबड्यांना औषधं टाकायला लावतात. त्यांना पुन्हा बोलवायचं नाही असं कमिटीच्या बैठकीत ठरलं. त्या बैठकीत मी होते. तुम्हाला वाटेल, मी गप्प बसले असेन. नाही हो. मी उठून म्हणाले, जाऊ द्या, आपण त्यांना क्षमा करू या. लोकांना माझं मोठं मन दिसलं. असा एक सावध, सरळ माणूस आजही कुठेतरी रटाळ उपदेश करत असेल, आणि नागपुरात आपल्या नावानं काय बोललं जातं हे त्याला माहीतही नसेल.

सुनीता तेव्हापासून दर शुक्रवारी उपास करते. बायकांच्या प्रार्थनेला आली की एकच विनंती असते — माझा विश्वास वाढावा म्हणून प्रार्थना करा. आणि ती प्रार्थना करायला ती मलाच सांगते. करते मी. चांगली करते. आवाज कुठे कापू द्यायचा, कुठे उतरवायचा, हे अजून विसरलेले नाही. प्रभू, या बहिणीच्या दुबळ्या विश्वासाला बळ दे. बायका डोळे पुसतात. सुनीताही पुसते. असं कितीदा झालं ते आता आठवत नाही. घरी येते तेव्हा हातापायांत काही उरलेलं नसतं, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा जाते.

हे तुम्हाला सांगायचं नाही, तिला सांगायचं, हे मला कळतं. ती माझ्याच बाकावर बसते. आमच्यात फक्त रिबू असते.

प्रभूभोजनाला, भाकरी आणि द्राक्षरस घ्यायला, सुनीता पुढे जात नाही. आधी माझ्या लक्षात आलं नाही. पोरीजवळ बसायचं असेल असं वाटलं. मग एकदा मी विचारलं, "काहून नाही येत वं तू?" ती म्हणाली, "ज्याले विश्वासच नाही त्यानं कसं खावं जी? तुमी रिबूले घेऊन जा." इतकी वर्षं तिनं त्या भाकरीला हात लावलेला नाही.

तेव्हापासून रिबूला मीच नेते. याही महिन्यात नेलं. तिचा डावा हात माझ्या खांद्यावर, माझा हात तिच्या कमरेला. वेदीच्या कठड्यापाशी तिला गुडघे टेकायला वेळ लागतो, मलाही लागतो. आमच्या पाळकांनी तिच्या डाव्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला, मग माझ्या. मी तो खाल्ला. पेल्याला ओठ लावले. तिला उठवलं आणि हळूहळू परत आणलं. सुनीता डोळे मिटून बसली होती. आमची चाहूल लागली तशी ती बाजूला सरकली, आणि तिनं आम्हाला जागा करून दिली.