भाऊजी, किती घाबरलात?

दादाचा फोन आला तेव्हा मी जवळा बाजारच्या बसस्टँडसमोर गाडी लावून केळी घेत होतो. एरवी तो फोनवर आधी खेकसतो, मग बोलतो. त्या दिवशी तो सावकाश म्हणाला, "प्रकाश, घाई करू नको. गाडी हळू चालव. पोटात काही टाकून मगच निघ." माझ्या गाडी चालवण्याची काळजी दादाला आजवर कधी वाटलेली नव्हती. काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. घेतलेली केळी मी गाड्यावरच विसरलो. नांदेडच्या दवाखान्यापर्यंत खरोखरच हळू गेलो, कारण तिथं पोचायचीच भीती वाटत होती. बातमी शब्दांच्या आधी आवाजातून येते, असं माझ्या वहिनी नेहमी म्हणायच्या. त्यांच्या जाण्याची बातमी तशीच आली.

सुजाता वहिनी या पुरवणीच्या वाचकांना नवीन नाहीत. विज्ञानावरचं त्यांचं लिखाण तुम्ही वर्षानुवर्षं वाचलंत. मी त्यांचा धाकटा दीर, औंढा तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर. वहिनी पुसेगावच्या. वडील शाळेत शिपाई होते आणि मुलीनं फिजिक्स घेतलं याचा त्यांना एवढा अभिमान, की लग्नाच्या बैठकीत त्यांनी दुसरं काही सांगितलंच नाही. हिंगोलीला आमच्या घरी आल्यावर वहिनी इथल्या दैनिकात लिहू लागल्या. संपादकांना त्यांच्याकडून पाककृती हव्या होत्या. वहिनींनी पहिला लेख दिला तो शेतात वीज पडते तेव्हा काय करावं यावर. संपादक तो वाचून म्हणाले म्हणे, बाई, हे वाचून तर मी छत्रीसुद्धा उघडणार नाही. वहिनींनी लेख परत मागून घेतला आणि पुन्हा लिहिला. माहिती तीच, फक्त सूर बदलला.

सुराचं हे वेड आम्हा घरच्यांच्या चेष्टेचा विषय होतं. साप चावण्यावर लिहायचं असलं की त्यांची वाक्यं तुटक होत. पळू नका. बांधू नका. दवाखान्यात चला. वाचणाऱ्याला धाप लागावी असं. चंद्रावर यान उतरलं तेव्हा त्यांनी असं लिहिलं, की आमच्या गल्लीतल्या बायका यानाची चौकशी घरची लेक नांदायला गेल्यासारखी करू लागल्या. बोंडअळीवर लिहिताना त्या शेजारच्या बांधावर बसून बोलत, आणि लसीवर लिहिताना कुणालाही अडाणी म्हणत नसत. अडाणी म्हटलं की माणूस पुढचं वाचत नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणायचो, वैनी, तुमच्यात विज्ञान कमी अन् नाटक जास्त. त्या हसायच्या आणि माझा डबा भरायच्या.

आता जमिनीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय वहिनी सांगता येणार नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या काही गावांत जमिनीखालून आवाज येतो. कधी नुसता आवाज, कधी त्याच्यामागून धक्का. लांब कुठं ट्रक उलटावा तसा धप्प आवाज होतो, मग पत्रे थरथरतात आणि मांडणीवरची भांडी आपापसात कुजबुजल्यासारखी वाजतात. क्षणभरात सगळं संपतं. ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना यात भिण्यासारखं काय ते कळत नाही. पायाखालची जमीन ही एकच गोष्ट अशी असते की तिच्यावर आपण कधी शंका घेत नाही. एकदा ती शंका आली की ती जात नाही. मी तर मुळातच भित्रा माणूस. लहानपणी विहिरीत वाकून पाहत नसे. पहिला धक्का बसला तेव्हा मी शाळेत फळ्यावर भागाकार लिहीत होतो आणि खडू हातात तसाच धरून सगळ्यात आधी मैदानात पोचलो होतो. पोरं माझ्या मागून आली. गाव हे अजून विसरलेलं नाही.

त्या काळात माइक घेऊन फिरणारी मंडळी गावागावांत आली. जमीन फाटणार का, असं ती म्हाताऱ्यांना विचारत आणि म्हातारे रडले की त्यांचं काम होई. वहिनींना याचा भयंकर राग येई. लोक घराबाहेर झोपू लागले होते. थंडी कडाक्याची, लेकरं तापानं फणफणलेली. कळमनुरीकडच्या गावांतून फिरून आल्या आणि वहिनींनी लोकांना धीर देणारा लेख लिहिला. धक्के लहान का असतात, आवाज का येतो, सगळं नीट समजावलं. शेवटी एक वाक्य टाकलं, जे सरकारी पत्रकांत नेहमी असतं: नागरिकांनी घाबरून जाऊ नये. माझ्या शाळेत परिपाठाला, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेनंतर, एक मूल पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवतं. त्या दिवशी तो लेख वाचला गेला आणि मलासुद्धा हायसं वाटलं. लोक घरात गेले.

नंतर एका पहाटे जरा मोठा धक्का बसला. कळमनुरीकडच्या एका गावात जुन्या घराचं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेलं छत, एका कोपऱ्यातून खाली आलं. खाली रामराव नावाचे म्हातारे शेतकरी झोपले होते. जिवावर बेतलं नाही, पण कंबरेचं हाड गेलं, ते पुन्हा चालले नाहीत. वहिनी त्यांना बघायला दवाखान्यात गेल्या, सोबत मी होतो. रामराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते उलट वहिनींनाच बसायला जागा करून देऊ लागले.

"तुमी लिवलं म्हनून आत गेलो बाई," ते म्हणाले. "थंडी बी लई होती."

वहिनी घरी आल्या आणि पुढचा लेख लिहिला, त्यात आधीचं ते वाक्य पुन्हा छापून, हे लिहिण्याचा मला अधिकार नव्हता, असं सरळ म्हटलं. संपादक कुरकुरले. पेपराची अब्रू, वगैरे. वहिनींनी ऐकलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या मनात जी भीती बसली ती शेवटपर्यंत उठली नाही. जमिनीची भीती नव्हती ती. आपण लिहिलेलं लोक खरं मानतात, याची होती. वाचकांना त्यांचा सूर शांत वाटायचा. आम्ही घरात पाहायचो, एकेक परिच्छेद लिहिताना त्यांच्या ओठांवर घाम येई.

मग त्यांनी एक पद्धत काढली आणि त्यात मी सापडलो. लेख पेपरात जाण्याआधी त्या मला स्वयंपाकघरात बसवून, चहा देऊन, तो वाचून दाखवू लागल्या. दादावर उपयोग नव्हता, त्याला कशाचीच भीती वाटत नाही. आमच्या घरात सगळ्यात भित्रा मी, म्हणून माप मी. वाचताना त्यांची नजर कागदावर कमी आणि माझ्या हातावर जास्त असे. वाचून झालं की विचारत, "भाऊजी, खरं सांगा, किती घाबरलात?" चहा तसाच राहिला तर सूर चढला म्हणायचा. चहा पिऊन मी जांभई दिली तर सूर पडला. लेख फाडून पुन्हा लिहिला जाई. एकदा वाचता वाचता मी कप खाली ठेवला आणि उठून आतल्या खोलीत जाऊन पलंगावरच्या फळीवरची लोखंडी पेटी खाली उतरवू लागलो. ही पेटी रात्री कुणाच्या डोक्यात पडली तर, असं अचानक वाटलं होतं. वहिनी टाळी वाजवायच्या बाकी राहिल्या. त्यांना नेमकं एवढंच हवं होतं. माणूस पळू नये, झोपूही नये, त्यानं उठून पेटी खाली ठेवावी. तो लेख जसाच्या तसा छापला गेला आणि नंतर गावोगावी लोक त्यांना सांगत, मॅडम, आमी फळीवरचं समदं खाली घेतलं.

त्या प्रत्येक लेखात तीन गोष्टी असत. आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि तोवर काय करायचं. मधली गोष्ट छापायला संपादकांचा नेहमी विरोध असे. माहीत नाही असं पेपरात लिहायचं नसतं म्हणे. वहिनी म्हणत, तेवढंच तर खात्रीनं लिहिता येतं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी मला असंच बसवलं. चहा दिला. हातात कागद नव्हता. पोटात गाठ निघाली आहे, म्हणाल्या. कसली आहे ते डॉक्टरांना कळलंय. किती पसरली ते अजून कळलेलं नाही. तोवर नांदेडला उपचार घ्यायचे आहेत आणि दादाला एकट्याला सोडायचं नाही. वीज, साप, भूकंप ज्या आवाजात सांगितले त्याच आवाजात. माझा कप हातातच होता आणि चहा माझ्या पँटवर सांडत होता हे मला त्यांनी फडकं पुढं केलं तेव्हा समजलं.

"न्हाई जमलं वाटतं मला," त्या म्हणाल्या.

नांदेडला एक तरुण डॉक्टर रोज सकाळी फेरीला येऊन म्हणायचा, घाबरू नका. एक दिवस वहिनींनी त्याला जवळ बोलावलं आणि हात जोडून सांगितलं, साहेब, तेवढं सोडून दुसरं काहीही बोला. तो पोरगा खुर्ची ओढून बसला आणि त्यानं खरं खरं सांगितलं. वहिनींनी मन लावून ऐकलं, मध्ये एक प्रश्न विचारला, त्याचे आभार मानले. तो गेल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "भाऊजी, मला लई भ्या वाटून राहिलं." इतक्या वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, "मलाबी, वैनी." त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, जरा हसल्या. "मंग बसा जवळ," म्हणाल्या. मी बसलो... ती आमची शेवटची भेट.

विहारात पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला तेव्हा खेड्यापाड्यांतून माणसं आली होती. एकानं रामरावांचा निरोप आणला होता, येता येत नाही म्हणून जयभीम सांगितलाय. लोक वहिनींच्या धीटपणाबद्दल बोलले. त्या धीट नव्हत्या, हे तिथं कसं सांगणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जमीन पुन्हा बोलली. वर्गात मी होतो, चौथीची पोरं होती. धप्प आवाज झाला, खिडकीचे गज वाजले आणि सगळ्या वर्गानं एकदम माझ्या तोंडाकडं पाहिलं. या वेळी मी दारात उभा राहिलो आणि पोरांना आधी बाहेर काढलं. मैदानात बसल्यावर पूजा नावाच्या मुलीनं विचारलं, सर, तुमाला भ्या वाटलं का? वाटलं, मी म्हणालो. पुन्हा होईल का? माहीत नाही म्हणालो. गंमत म्हणजे पोरं त्यानं शांत झाली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला बातमी वाचायची पाळी पूजाचीच होती. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी होती. परिसरात गूढ आवाज, ग्रामस्थांत घबराट, आणि शेवटी तेच वाक्य. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. तिनं ते ठसक्यात वाचलं आणि पोरांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. यातली निम्मी पोरं माळवदाच्या घरांत राहतात. संध्याकाळी ती घरी जाऊन हेच सांगणार होती, पेपरात आलंय म्हणून, सरांच्या शाळेत वाचलंय म्हणून. मी पुढं होऊन म्हणालो की हे वाक्य घरी सांगू नका.

"पन सर, पेपरात आलंय," पूजा म्हणाली.

"ते मॅडमनं लिवलेलं न्हाई, बाळा."

ती पेपराकडं पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "मंग मॅडमनं काय लिवलं असतं?"

सगळी शाळा माझ्याकडं बघत होती. बाकीचे मास्तर बघत होते. तोवर मी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नव्हती, मी फक्त घाबरून दाखवायचं काम केलं होतं. सूर चढला तर आया लेकरांना घेऊन थंडीत रानात बसतील, सूर पडला तर कुणीतरी पुन्हा तुळईखाली झोपेल. माझा आवाज कापत होता, तो मी लपवला नाही. मला काय माहीत आहे ते सांगितलं. काय माहीत नाही ते सांगितलं. आणि ज्यांच्या घराला माळवद आहे त्यांनी काही दिवस ओसरीवर नाहीतर शेजारच्या पत्र्याच्या घरात झोपावं, फळीवरचं जड सामान खाली घ्यावं, हे प्रत्येकाकडून दोनदा म्हणवून घेतलं.

शाळा सुटल्यावर मी घरी गेलो नाही. दिवस मावळेपर्यंत गावातच थांबलो. बरोबर सांगितलं की चुकलं, ते कुणाला विचारावं हे कळत नव्हतं. मग एका घरातून खाट बाहेर आली. दुसऱ्या घरासमोर बायका गोधड्या टाकू लागल्या. पूजाची आजी फळीवरची पितळी घागर खाली काढून ओसरीत ठेवत होती आणि पूजा तिला कुठं ठेवायची ते सांगत होती. मी खिशातून फोन काढला आणि सवयीनं वहिनींचा नंबर लावला. दादानं उचलला. त्यानं तो अजून चालू ठेवलाय हे मला माहीत नव्हतं.

"बोल," दादा म्हणाला.

मी सांगितलं, लोक बाहेर झोपून राहिलेत. फोन दोघांनीही बराच वेळ ठेवला नाही.