हरण्याचं ऑपरेशन

मला हर्निया झालाय हे गावाला कळू नये म्हणून मी बरीच वर्षं लंगोट आवळून काढली. जांघेतलं दुखणं, सांगायचं तरी कुणाला? उभा राहिलो की लिंबाएवढा गोळा बाहेर यायचा, आडवा झालो की आत जायचा. त्याचं आणि माझं तसं बरं चाललं होतं.

लाज होतीच, पण ऑपरेशन टाळण्याचं खरं कारण आई होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून रोज सकाळी तिला खाटेवरून उचलून अंगणात उन्हाला बसवायचं काम माझं. पायात जीव आहे, जोर लावायला हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई मात्र माझ्या गळ्यात हात टाकायची आणि अंग सैल सोडायची. बायकोची कंबर आधीच धरलेली. मी पडून राहिलो तर आईला उचलणार कोण? शेवटी एकदा पेरूचं क्रेट उचलताना गोळा बाहेर आला तो लवकर आत जाईना. बायकोनं मला गाडीत घातलं आणि वरकुट्याहून थेट बारामतीला नेलं.

तिथला सर्जन भला माणूस. चित्र काढून त्यानं समजावलं : पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यातून आतडं डोकावतंय, ते आत सारून जाळी बसवायची. पिकावरचं शेडनेट फाटलं की आम्हीही तेच करतो, त्यामुळे माझा लगेच विश्वास बसला. पण आधी बिडी बंद, खोकला बंद आणि रोज पोट साफ, मगच या म्हणाला. माझा स्वभाव मुळात गोड नाही. बिडी सुटल्यावर तो आणखी कडू झाला. बायको माझ्या तोंडात बडीशेप कोंबायची आणि शेतात निघून जायची. तिनं ते दिवस कसे काढले, तिचं तिलाच माहीत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं शेजारच्या तात्यांना फोन केला. लाजेनं दबक्या आवाजात म्हणाली, "उद्या हरण्याचं आपरेशन हाय बारामतीला. घराकडं ध्यान ठिवा." आमच्याकडं सगळे हर्नियाला हरण्याच म्हणतात, आणि हरणाच्या रंगाचा म्हणून आमच्या बैलाचं नावही हरण्याच. तात्यांचा त्या बैलावर फार जीव. कडवळाचा भारा घेऊनच ते गोठ्यात हजर झाले. बैलाचे पाय चाचपले, पोट चाचपलं, तोंड उघडून दात पाहिले.

"ह्येला काय झालंय? कुठला डागदर कापतोय ह्येला?"

"तात्या, बैलाचं न्हाय, माझं हाय," मी म्हणालो. मग लंगोटापासून सगळं सांगावंच लागलं. तात्या हसत हसत गव्हाणीवर बसले. डोळे पुसले आणि घराकडं पाहिलं.

"मग काकूला कोन उचलायचं?"

मी काही मागितलं नव्हतं.

"मी हाय की," तात्या म्हणाले. त्या तीन शब्दांवर मी बारामतीला जाऊन निर्धास्त आडवा झालो. भुलीनं काय निवांत केलं असेल, त्याहून जास्त त्यांनी केलं.

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी नर्सबाईंनी मला उठवून चालवलं. येताना इंदापूर रस्त्याचा एकेक गतिरोधक पोटाशी उशी दाबून मोजला. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रखडली त्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. घरी कुशीवर वळून उठायचं, शिंक आली तरी उशी दाबायची, भरली बादली उचलायची नाही. चालायला मोकळीक होती, म्हणून रोज कालव्याच्या कडेनं थोडं पुढं जायचो. सगळ्यात अवघड होतं ते न हसणं. तात्यांनी बैलाचा घोळ गावभर सांगितला होता, त्यामुळे भेटायला येईल तो दारातूनच विचारायचा, "हरण्या चरतोय का?" बायको आडवी यायची, "हसवू नका, टाके हायत."

आणि रोज सकाळी आतल्या खोलीतून तात्यांचा आवाज यायचा, "चला काकू, ऊन आलंय." थंडी असो, त्यांच्या घरी पाहुणे असोत, तात्या चुकले नाहीत. माझ्या सख्ख्या भावानंही याहून जास्त केलं नसतं.

पुढं सर्जननं परवानगी दिली : गुडघ्यात वाका, श्वास सोडत उचला. दुसऱ्या दिवशी मी तात्यांना दारातच थांबवलं. खाटेशी वाकलो, श्वास सोडला, आईच्या काखेत हात घातले. ती एवढी सहज वर आली की माझ्या पोटात गोळा आला, हा मात्र भीतीचा.

"आई, जेवत न्हाईस का गं?"

"जेवती की," ती म्हणाली. मी खाली पाहिलं. तिच्या पायांचे दोन्ही तळवे फरशीवर घट्ट टेकलेले होते.

"मग माझ्या वक्ताला पाय का न्हाय रेटलंस?"

"तू लेक हायस. तुझ्या गळ्यात पडायला कसली लाज?" तिनं दाराकडं पाहून डोक्यावरचा पदर सावरला आणि आवाज बारीक केला. "परक्या मानसाच्या अंगावर कसा भार टाकायचा? म्हनून रेटाय लागले."

तात्या दारातून बाजूला झाले. आईनं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि अंगणातल्या खुर्चीकडं स्वतःच्या पायांनी निघाली. मला उचलायला काहीच उरलं नव्हतं.