मधोमध पडलेलं फूल

हरल्यावर कोणी "खेळ आहे, चालायचंच" म्हटलं की मला अजूनही राग येतो. परवा तुम्हांलाही ते ऐकावं लागलं असं तुमच्या आईने सांगितलं, म्हणून माझी गोष्ट नीट क्रमाने लिहिते.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. तुमचे आजोबा आणि मी नगरला जोडीने बॅडमिंटन खेळायचो. पिसांच्या शटलला आम्ही फूल म्हणत असू. लढाईत ती मिळेनाशी झाली, तेव्हा एकेक फूल पिसं झडेपर्यंत वापरून आम्ही हात तयार केला. मी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून खेळायची. प्रांताच्या संघात स्त्री-पुरुषांची एकच जोडी घ्यायची होती. पुण्याच्या सगळ्या फेऱ्या आम्ही जिंकलो. राहिला शेवटचा सामना, आणि तो नगरलाच ठरला. जिंकलो असतो तर कलकत्त्याला साऱ्या हिंदुस्थानातल्या जोड्यांशी खेळायला मिळालं असतं. त्या वयात मला दुसरं काही नको होतं.

पुण्यात आमचं जमायचं, कारण आम्ही ओरडायचो. फूल दोघांच्या मधे आलं की मी "अहो, घ्या!" म्हणायची, नाहीतर ते "सोड!" म्हणायचे. नगरच्या सामन्याला मात्र पहिल्या रांगेत मामंजी, म्हणजे माझे सासरे, येऊन बसले. शेजारी सासूबाई आणि मागे नात्यातल्या साऱ्या बायका. एक आत्याबाई तर सोनईहून आलेल्या. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पाणी हवं असलं तरी आजोबा भिंतीकडे बघून "पाणी मिळेल का?" म्हणायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली खरी, पण मामंजींना पाहिलं आणि जीभ टाळूला चिकटली. आजोबांचीही.

समोर मुंबईचे बहीण-भाऊ होते. त्यांना कसली आली रीत!

"दादा, तुझं!"

"अगं, झोपलीस का?"

"तूच झोपलास!"

असा सारखा गलका. इकडे आम्ही दोघं मुके. दोनदा आमच्या रॅकेटी एकमेकींवर आपटल्या. तरी पहिला डाव आमचा, दुसरा त्यांचा, आणि तिसरा शेवटच्या गुणावर येऊन ठेपला. सर्व्हिस त्यांची होती.

चार-दोन फटके झाल्यावर भावाने फूल उंच मारलं. ते मागच्या रेषेकडे, आम्हा दोघांच्या बरोबर मधे उतरू लागलं. मी आजोबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. कुंपणावर बसलेल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, "अरं, घ्या की कुनीतरी!" तोवर फूल पडलं होतं.

"बाहेर!" पंच म्हणाले.

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात आजोबांनी रॅकेट वर केली. "नाही साहेब. रेषेवर पडलंय. आत आहे."

आतच होतं, मीही पाहिलं होतं. ते गप्प राहिले असते तर मी त्यांना कधी माफ केलं नसतं. पण पंचांसाठी ज्यांचं तोंड इतक्या चटकन उघडलं, त्यांना क्षणभर आधी माझ्यासाठी "सोड" एवढं म्हणता आलं नव्हतं! माझ्याही तोंडून काही निघालं नव्हतं, हे कळत होतं. त्याने राग उतरला नाही, उलट चढला.

जाळीपाशी हात मिळवले. "छान खेळलात," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

ती मुलगी हळूच म्हणाली, "वहिनी, पुण्याला तर तुमचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. आज घसा बसलाय का?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग बायकांनी मला घेरलं. आत्याबाई माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "केवढी गुणी पोर! हरली, पण तोंडातून शब्द न्हाई." याला सगळे खिलाडूपणा म्हणत होते. मला रॅकेट मोडावीशी वाटत होती.

संध्याकाळी पुरुष जेवायला बसले. मी आमटी वाढत होते. मामंजी म्हणाले, "फूल तुम्हा दोघांच्या हाताशी होतं. घेतलं का नाही कोणी?"

"मधे होतं," आजोबा ताटाकडे बघत म्हणाले.

"मग एकाने दुसऱ्याला सांगायचं! ते मुंबईचे कसे बोलत होते."

माझ्याने राहवलं नाही. "तुम्ही समोर बसला होतात, मामंजी."

"म्हणून काय झालं? मी सामना बघायला आलो होतो, सूनबाई, तुमची मर्यादा बघायला नव्हे!"

दारातून सासूबाई म्हणाल्या, "हे सकाळी सांगितलं असतंत तर?"

मामंजींनी ताक मागितलं.

मी ताक वाढलं. पुढच्या निवडीच्या वेळी तुमचे वडील माझ्या पोटात होते, आणि त्यानंतर मला कोणी खेळायला बोलावलं नाही.