तोकुजींचं बोट

माझे सासरे तोकुजी रेल्वेत गाडी चालवायचे. आमच्या बाजूची गाडी दोनच डब्यांची, चालक एकटाच. सिग्नल आला की त्याच्याकडे बोट करायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "हिरवा." ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, बोट काही निवृत्त झालं नाही. गॅसकडे बोट, "बंद." मागच्या दाराकडे बोट, "कडी लागली." सासूबाईंच्या फोटोपुढे उदबत्ती लावतानाही बोट, "पेटली." नवी नवरी असताना मला हसू दाबावं लागायचं.

इथे शाळा एप्रिलात सुरू होते. तेव्हापासून आमची लेक कानाए पहिलीत जाते. शाळेचा नियम असा, की मुलांनी आपलं आपण पायी जायचं आणि आयांनी दारातून मागे फिरायचं. पण वाटेत रूळ ओलांडावे लागतात. तिथे ना फाटक, ना घंटा. भांडी घासता घासता मला डोळ्यांपुढे ते रूळ दिसत, आणि त्यावर पडलेली तिची शाळेची पिवळी टोपी. देवळातल्या ध्यानाच्या वर्गालाही जाऊन पाहिलं. श्वास आत, श्वास बाहेर. बाहेर पडलेला श्वास सरळ रुळांकडे जायचा.

मग मी मासळीच्या हातगाडीआड उभी राहून कानाएवर नजर ठेवू लागले. मासळीवालीने एकदा विचारलंच, "ताई, बांगडा देऊ, की नुसतंच लपायचंय?"

सासऱ्यांनी नातीला रूळ ओलांडायची रीत शिकवली होती. उजवीकडे बोट, "मोकळं." डावीकडे बोट, "मोकळं." सोमवारी मी पाहिलं, तर बोट उजवीकडे, बोट डावीकडे, "मोकळं, मोकळं" गाण्यासारखं, आणि डोळे सगळा वेळ मैत्रिणीच्या नव्या पेन्सिलपेटीवर. मी तशीच घरी धावले.

"बाबा, ती बघतच नाही हो. नुसतं बोट करते."

ते पडवीत नखं कापत होते. "मग शिकवण्यात माझंच चुकलं. 'मोकळं' पाठ होऊन जातं."

"तुमचंही व्हायचं असं?"

"व्हायचं की. हात आपोआप वर जायचा आणि मी मनाने भलतीकडेच. तुझी सासू दवाखान्यात होती तेव्हा तर फारच. मग मी दिसेल ते बोलायला लागलो. हिरवा, आणि खांबावर कावळा. कावळा पाठ करता येत नाही, सूनबाई. तो रोज वेगळ्या जागी बसतो."

"भीती जायची त्याने?"

"छे. बसायची शेजारीच. पण मधूनमधून गप्प राहायची."

संध्याकाळी त्यांनी नातीला नवा नियम सांगितला. जे दिसेल ते बोलायचं.

"आणि गाडी दिसली तर?"

"तर गाडी म्हणायचं आणि थांबायचं. ती जाईपर्यंत पाय हलवायचा नाही."

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा मासळीच्या हातगाडीआड. कानाए रुळांपाशी थांबली. मैत्रीण "चल ना गं" करत होती. बोट उजवीकडे गेलं. "पांढरा कुत्रा. शेपूट वर." बोट डावीकडे आलं आणि तिथेच राहिलं. ती बराच वेळ बघत होती.

"आई," ती मोठ्याने म्हणाली.

मासळीवाली बर्फात तोंड खुपसून हसली.

रात्री जेवताना कानाएने विचारलं, "आजोबा, डावीकडे आई असली तर जायचं का?"

सासऱ्यांनी वाटीतलं सूप भुरकलं. "तिलाच विचार."

"उद्या नसेन," मी म्हटलं. बोलून तर गेले.

आज दारात उभी राहिले. पिवळी टोपी कोपऱ्यावर वळली. एक पाय चपलेत गेलाच होता, तो मागे घेतला. स्वयंपाकघरात आले आणि बोट उचललं. "गॅस, बंद. किटली, वाफ येतेय. चपला, दारातच."

"आणखी?" पलीकडच्या खोलीतून सासरे म्हणाले.

"खिडकीत मुंगी. साखर सोडून भलतीकडेच चाललीय."

तेवढ्यात गाडीचा भोंगा ऐकू आला.

"भोंगा," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. चाकांची खडखड कुठे अडली नाही, दूर दूर गेली.

"गेली," सासरे म्हणाले. तेही उठून उभे राहिले होते.

दुपारी कानाए आली. दप्तर फेकलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "डावीकडे कोणीच नव्हतं."

आता सगळे झोपलेत. लिहिता लिहिता मी उठून दाराची कडी बघून आले, मग पुन्हा एकदा, बोट करून. उद्या परत शाळा आहे. कडी लागलेली आहे हे मला ठाऊक आहे, आणि तरी उठावंसं वाटतंय.