मोहाची सुटी

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी डॉक्टरांशी भांडले, ती माझी आणि दिगूची शेवटची भेट. डॉक्टरांनी साधंच विचारलं होतं, की हे दारू केव्हापासून घेतात. मी शाळामास्तरीण, आवाज आपोआप चढला. माझ्या धाकट्या भावाने आणीबाणी उठली त्या वर्षी दारू सोडली, त्याला आठ वर्षं होत आली. तुमच्या कागदावर वाटेल ते लिहा पण हे लिहू नका, असं मी त्यांना भर वॉर्डात सुनावलं. दिगू पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी छताकडे बघत होता. त्याची बायको कमल उशाशी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. दोघंही गप्प. मला वाटलं, मी त्यांच्या बाजूने भांडतेय म्हणून गप्प आहेत... चौथ्या दिवशी तो गेला.

दिगू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. करडीला आमची धानाची शेती, पण याचा जीव शिलाई मशीनवर. हाताला सफाई अशी, की लग्नसराईत मोहाडीपासून माणसं कापड घेऊन यायची. मग दारू लागली. आमच्याकडे ती शोधत जावं लागत नाही, मोहाची झाडं बांधावरच उभी असतात. विशी-पंचविशीत त्याचे हात इतके थरथरायला लागले, की सुईत दोरा जाईना. आईवडील थकले होते. मी त्याला लाखनीला माझ्या घरी आणलं. शाळेतून बिनपगारी रजा घेतली, यजमानांची बोलणी खाल्ली, आणि दोन महिने त्याला लहान मुलासारखी पेज भरवली. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून तो भरदुपारी ओरडायचा. मी भिंत पुसायची, म्हणायची, बघ, गेल्या. त्या दोन महिन्यांचा मला फार गर्व होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

बरा झाल्यावर त्याने हमरस्त्याला, ट्रक थांबतात तिथे, दुकान थाटलं. राहायला जवळच एक खोली घेतली, जेवायला माझ्याकडे. रोज संध्याकाळी दुकान बंद करून आला की मी दारात उभी. तो पायरीवरूनच तोंड पुढे करून ‘हा’ करायचा. मी वास घ्यायची आणि मग बाजूला व्हायची. पुढे पुढे त्याची थट्टाच झाली. मी स्वयंपाकघरात असले तर तिथे येऊन म्हणायचा, ‘घे बाई, हजेरी घे.’ शाळेत मी सगळ्यांची बाई, तशी त्याचीही बाईच. गावातल्या दोन-चार जणी नवऱ्यांना घेऊन माझ्याकडे यायला लागल्या, तेव्हा मी दिगूकडे बोट दाखवून सांगत असे, हा सुटला, तुमचाही सुटेल.

त्याच भरवशावर मी सानगडीला कमलच्या वडिलांकडे गेले. त्यांनी ओसरीवर बसवून, पाणी देऊन, आडवळण न घेता विचारलं, ‘बाई, पोरगा पेते म्हनतेत. खरं हाय का?’ मी म्हटलं, प्यायचा, आता पीत नाही, माझा शब्द आहे. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘मंग झालं.’ एवढ्यावर लग्न ठरलं. लग्नानंतरही दिगूची संध्याकाळची हजेरी चालूच राहिली.

दिगूने दारू सोडली त्यानंतरच्या पहिल्याच फाल्गुनात करडीहून मोहाची फुलं आली. वाळवून बाजारात विकायची म्हणून पहाटे वेचलेली दोन पोती दिगूने स्वतः आणली आणि माझ्या अंगणात पसरली, कारण दिवसभर ऊन तिथेच. फुलं वाळायला लागली की वास घरात भरतो. माझ्या लुगड्याला, पोरांच्या वह्यांना, पिण्याच्या पाण्यालासुद्धा तोच गोडसर आंबूस वास. संध्याकाळी दिगूने ‘हा’ केलं आणि मला हसू आलं. मी म्हटलं, ‘आता काय समजते रे, मायाच तोंडाले मोहाचा वास येऊन राहिला. जाय, मोह उचलेपर्यंत तुले सुटी.’ तोही हसला. तेव्हापासून दर वर्षी मोह माझ्या अंगणात यायचा आणि दर वर्षी ती दोन महिन्यांची सुटी ठरलेली. भाऊ बहिणीच्या अंगणावर किती हक्क सांगतो, याचंच मला कौतुक.

तेरवीची भांडी घासून झाल्यावर कमल माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘बाई, तुमी डाक्टरले बोलल्या ते मनात खाऊन राहिलं. मोहाच्या दिवसाईत ते घेत होते. पयल्या वर्सापासून. म्हनत, बाईनं सुटी देल्ली हाय.’ मले काहून नाही सांगतलं, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, ‘तुमी माह्या बापाले शबद देल्ला होता. तुमचा शबद खोटा कायले पाडू?’

त्या दिवसापासून मी धुमसते आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावले आहे. माझ्या उंबऱ्यावर उभं राहून, माझ्याच तोंडचा शब्द उचलून त्याने मला फसवलं. वर्षातले दहा महिने तो खरंच कोरडा असायचा, कमल शपथेवर सांगते. पण मी आता ते दहा महिने तरी कोणत्या तोंडाने मोजू? कमलचाही राग येतो. ज्या पोरीला मी माझ्या शब्दावर या घरात आणलं, तिने इतकी वर्षं माझी लाज राखली आणि मला पत्ताही लागू दिला नाही. आणि त्या डॉक्टरांची माफी मागायला जावं, तर पाय उचलत नाही...

काल कमल करडीहून मोह घेऊन आली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, ‘ऊन तुमच्याच आंगनात हाय, बाई.’ मी नको म्हणू शकले नाही. दोघींनी मिळून फुलं पसरली. दिवेलागणीला ती निघाली, तेव्हा सवयीने मी दारात जाऊन उभी राहिले होते. ती पाया पडायला वाकली, उठली, आणि माझं नाक नकळत तिच्या तोंडाजवळ गेलं. तिच्या लक्षात आलं. ती मागे सरली नाही. मोहाचा वास येत होता. अंगणातला, तिच्या पदराचा, की माझाच, काही कळलं नाही.